बी पेशींवरचे चेकपॉइंट रेणू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी पेशी म्हणजे प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, आणि चेकपॉइंट म्हणजे अशा प्रतिकारपेशीला आवर घालणारे रेणू. ‘सीडी’ आणि आकडा अशी नावे पेशींच्या पृष्ठभागावरच्या रेणूंची असतात. इम्युनॉलॉजी शिकणारे, फ्लो सायटोमेट्री (रंगीत प्रतिपिंडे लावून एकेका पेशीवरचे रेणू मोजणे) करणारे आणि पॅथॉलॉजीतले निवासी डॉक्टर जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. रुग्णाच्या उपचारांबद्दल निर्णय मात्र या पानावरून घेऊ नका.

१. चेकपॉइंट म्हणजे पीडी-१ आणि सीटीएलए-४. ते तर टी पेशींवर असतात ना? बी पेशींचा यात काय संबंध?

पीडी-१चे जनुक १९९२ मध्ये क्योटोत तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडले. पुढे औषधे आली ती टी पेशींच्या अभ्यासातून, आणि २०१८चे नोबेलही त्याच कामाला मिळाले. त्यामुळे ‘चेकपॉइंट’ हा शब्द टी पेशींना चिकटला. पण सक्रिय बी पेशींवरही पीडी-१ येतो. तो एसएचपी-२ या फॉस्फटेजला (फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमला) बोलावून संकेत विझवतो हे २००१ मध्ये दाखवले गेले, तेही बी लिम्फोमाच्या एका सेल लाइनवर.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे बी पेशींचे स्वतःचे लगाम पीडी-१च्या आधीपासून माहीत आहेत : सीडी२२, सीडी३२बी, सीडी७२. ‘चेकपॉइंट’ हे नाव त्यांना उशिरा लागले, काम मात्र तेच. फक्त पीडी-१ आणि सीटीएलए-४ शोधत बसलात तर बी पेशींवरचे अर्धेअधिक नियंत्रण नजरेतून सुटेल.

२. हे रेणू पेशीच्या आत नेमकं काय करतात?

बी पेशीवरच्या प्रतिजन-ग्राहीला, म्हणजे बीसीआरला, प्रतिजन चिकटला की लिन, सिक, बीटीके आणि पीएलसी-गॅमा-२ अशी एन्झाइमांची साखळी सुरू होते आणि पेशीत कॅल्शियम वाढते. चेकपॉइंट रेणूंच्या आतल्या शेपटीवर आयटिम नावाचे छोटे क्रम असतात. त्यांतल्या टायरोसिनवर फॉस्फेट लागला की फॉस्फटेज येऊन बसतात. फॉस्फेट लावण्याचे काम बहुतेक वेळा लिनच करतो, म्हणजे साखळी सुरू करणाराच तिला आवरण्याची सोयही करून ठेवतो.

कोणता फॉस्फटेज येतो यावरून परिणाम ठरतो. सीडी२२वर मुख्यतः एसएचपी-१ येतो आणि प्रथिनांवरचे फॉस्फेट काढतो. पीडी-१वर एसएचपी-२ येतो. सीडी३२बीवर शिप-१ येतो. तो प्रथिनांना हात लावत नाही, पेशीपटलातल्या पीआयपी-३ या लिपिडवरचा फॉस्फेट काढतो, आणि मग बीटीकेला पटलावर बसायला जागाच उरत नाही.

सीटीएलए-४ या गटात बसत नाही. त्याचे मोठे काम पेशीच्या बाहेर चालते : समोरच्या पेशीवरचे सीडी८० आणि सीडी८६ हे टी पेशींना चालना देणारे रेणू पकडून तो आत ओढून घेतो.

एक अट विसरू नका. हे रेणू बीसीआरच्या जवळ आले तरच त्याला आवरतात. प्रयोगात पीडी-१ वेगळा आणि बीसीआर वेगळा उत्तेजित केला आणि ‘काहीच फरक नाही’ असे दिसले, तर दोष बहुधा मांडणीचा असतो.

३. कुठल्या प्रकारच्या बी पेशीवर काय असतं, हे एका जागी सांगाल का?

मानवी पेशींबद्दल सांगतो. उंदरातले फरक प्र. १२ मध्ये आहेत.

अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या ट्रान्झिशनल बी पेशी सीडी२४ आणि सीडी३८ दोन्ही भरपूर दाखवतात. त्यांवर सीडी५ही असतो. आयएल-१० (प्रतिकार शांत करणारा संदेशरेणू) तयार करणाऱ्या नियामक पेशींचा एक भाग याच गटात सापडतो (प्र. ७).

नाइव्ह बी पेशी, म्हणजे ज्यांना अजून प्रतिजन भेटलेला नाही अशा, सर्वांत जास्त लगाम बाळगून असतात आणि ते स्वाभाविकच आहे : त्यांची अजून पारख झालेली नसते. बीटीएलए, सीडी२२, लेअर-१, सीडी३२बी हे सगळे त्यांवर ठळक दिसतात, पीडी-१ थोडा.

जर्मिनल सेंटरमध्ये, म्हणजे लसीका ग्रंथीत बी पेशी वाढून निवडल्या जातात त्या जागेत, चित्र पालटते. बीटीएलए खूप घटतो, लेअर-१ जवळपास नाहीसा होतो, पीडी-१ही कमी असतो. या पेशींना वेगाने विभाजन करायचे असते आणि त्यांची निवड वेगळ्या मार्गाने होते (प्र. ६).

मेमरी बी पेशींवर बीटीएलए आणि सीडी२२ परत दिसतात, लेअर-१ काहींवरच. एका गटावर टिगिट असतो. ऊतींतल्या, विशेषतः टॉन्सिलच्या आवरणाजवळच्या मेमरी पेशींवर एफसीआरएल४ असतो. सीडी२१ कमी असलेल्या ‘अ‍ॅटिपिकल’ मेमरी पेशींची कथा प्र. ८ मध्ये.

प्रतिपिंडे सोडणाऱ्या प्लाझ्माब्लास्ट आणि प्लाझ्मा पेशींवर सीडी२२ उरत नाही, बीसीआरही बहुतांश कमी होतो. मात्र सीडी३२बी आणि एफसीआरएल५ राहतात (प्र. ९).

हे सगळे विश्रांतीतल्या पेशींबद्दल. पेशी उत्तेजित झाली की नकाशा दोन-तीन दिवसांत बदलतो. त्यामुळे ‘या प्रकारावर हा रेणू असतो’ हे वाक्य पेशीची अवस्था सांगितल्याशिवाय अपुरे आहे.

४. सीडी१९ हाही चेकपॉइंटच का? कार-टी उपचारात त्यालाच लक्ष्य करतात म्हणून विचारलं.

नाही, उलट आहे. सीडी१९ आणि सीडी२१ ही जोडी बीसीआरला मदत करते, म्हणजे कमी प्रतिजनातही पेशी जागी होते. कार-टीसाठी, म्हणजे बदल केलेल्या टी पेशींच्या उपचारासाठी, सीडी१९ निवडतात ते तो जवळजवळ सगळ्या बी पेशींवर असतो आणि इतरत्र नसतो म्हणून. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटरच्या कामातून आलेल्या, २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळालेल्या नेक्सकार१९चे लक्ष्यही सीडी१९च आहे.

सीडी२२ मात्र चेकपॉइंटही आहे आणि औषधाचे लक्ष्यही. इनोट्युझुमॅब ओझोगॅमायसिन (तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियासाठी अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता) सीडी२२ला चिकटून पेशीत विष पोहोचवते. तिथे सीडी२२चा लगाम वापरलेला नसून फक्त दार वापरले आहे.

५. पीडी-१ आणि पीडी-एल१ दोन्ही बी पेशींवर असतात म्हणे. मग कोण कोणाला थांबवतं?

पीडी-एल१ हा पीडी-१चा लिगँड, म्हणजे त्याला चिकटून चालू करणारा रेणू. दोन्ही दिशा खऱ्या आहेत आणि निष्कर्ष लिहिताना सर्वांत जास्त घोळ इथेच होतो.

बी पेशीवर पीडी-१ असेल तर संकेत बी पेशीच्या आत जातो : तिचे विभाजन आणि प्रतिपिंड तयार करणे मंदावते. उंदरांत बी-१बी या बी पेशींच्या उपप्रकारावरचा पीडी-१ न्यूमोकॉकसविरुद्धचा प्रतिसाद असाच दाबून ठेवतो.

बी पेशीवर पीडी-एल१ असेल तर संकेत समोरच्या टी पेशीत जातो. पीडी-एल१ भरपूर असलेल्या बी पेशी फॉलिक्युलर हेल्पर टी पेशींना (बी पेशींना मदत करणाऱ्या टी पेशींना) आवर घालतात, त्यामुळे प्रतिपिंडांचा प्रतिसादही घटतो, पण फेरफटका मारून.

तिसरी गुंतागुंत : एकाच पेशीवर पीडी-एल१ आणि सीडी८० शेजारी असले तर ते एकमेकांनाच धरतात आणि पीडी-१ला पीडी-एल१ कमी मिळतो. सक्रिय बी पेशींवर हे दोन्ही असतात. म्हणून नुसते पीडी-एल१ मोजून ‘ही पेशी टी पेशींना दाबते’ असे म्हणू नका. टी पेशींसोबत ठेवून पाहा आणि पीडी-एल१ रोखल्यावर दाब सुटतो का तेही तपासा.

६. जर्मिनल सेंटरच्या स्लाइडवर पीडी-१ एकदम भडक दिसतो. त्या बी पेशीच ना?

नाहीत. त्या फॉलिक्युलर हेल्पर टी पेशी. शरीरात सर्वांत जास्त पीडी-१ याच पेशी दाखवतात. सीडी३ किंवा सीडी४ सोबत दुहेरी रंग दिला की लगेच कळते.

जर्मिनल सेंटरमध्ये बी पेशी बहुतेक करून लिगँड पुरवतात. फॉलिकलमधल्या शेजारच्या बी पेशींवरचा पीडी-एल१ नको त्या टी पेशींना आत यायला अडवतो. बी पेशींवरचा एचव्हीईएम हा रेणू टी पेशींवरच्या बीटीएलएला धरतो आणि त्या बी पेशीला मिळणारी मदत मोजकी ठेवतो. हा एचव्हीईएम गेला की बी पेशी हावरटासारख्या वाढतात. फॉलिक्युलर लिम्फोमात टीएनएफआरएसएफ१४ हे त्याचे जनुक वारंवार बिघडलेले सापडते ते उगाच नाही.

७. नियामक बी पेशी ओळखायला टिम-१ वापरावा की टिगिट की लॅग-३?

एकही रेणू एकट्याने पुरेसा नाही. शेवटी आयएल-१० किंवा दाबण्याची क्षमता मोजावीच लागते.

टिम-१ आयएल-१० तयार करणाऱ्या बी पेशींवर, विशेषतः उंदरांत, चांगला उमटतो. टिगिट मानवी मेमरी बी पेशींच्या एका गटावर असतो आणि त्या पेशी फॉलिक्युलर हेल्पर टी पेशींना आवरतात असे दाखवले गेले आहे. लॅग-३ उंदरातल्या ‘नैसर्गिक नियामक प्लाझ्मा पेशी’ ओळखायला कामी आला. संसर्ग झाल्यावर त्या काही तासांत आयएल-१० सोडतात.

इथे २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेले काम प्रत्येकाने नीट वाचावे. ट्यूमर असलेल्या उंदरांच्या लसीका ग्रंथींत बी पेशींचा एक गट वाढतो. त्यावर टिम-१ असतो आणि सोबत पीडी-१, टिम-३, टिगिट, लॅग-३ सगळेच. पण बी पेशींतून हे बाकीचे रेणू काढले तर ट्यूमरवर फारसा परिणाम नाही. टिम-१ काढला तर ट्यूमरची वाढ ठळकपणे रोखली गेली. टिम-१ नसलेल्या बी पेशींत टाइप-१ इंटरफेरॉनचा प्रतिसाद वाढला, त्या प्रतिजन जास्त चांगला सादर करू लागल्या आणि टी पेशी वाढल्या.

फ्लोमध्ये रेणू दिसला म्हणजे तो तिथे काम करतो असे नाही, हे यापेक्षा स्वच्छ शब्दांत सांगता येणार नाही.

औषधाच्या दृष्टीने एक अडचण : हाच रेणू मूत्रपिंडात केआयएम-१ या नावाने ओळखला जातो आणि मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा झाली की तिथे वाढतो. टिम-१विरोधी प्रतिपिंड दिल्यास तो फक्त बी पेशींकडेच जाईल असे धरता येत नाही.

८. ‘थकलेल्या’ बी पेशी खरंच असतात का?

टी पेशींसारखा थकवा बी पेशींत जसाच्या तसा नसतो. एचआयव्हीचा विषाणू रक्तात असलेल्या रुग्णांत २००८ मध्ये एक गट वर्णिला गेला : सीडी२१ कमी, सीडी२७ नाही, एफसीआरएल४ आणि इतर आयटिमवाले रेणू जास्त, बीसीआर उत्तेजित केला तरी प्रतिसाद थंड. मलेरियाच्या वारंवार संसर्गात असाच गट दिसतो, तिथे एफसीआरएल५ जास्त असतो. टी-बेट आणि सीडी११सी या दोन खुणांनी तो आज ओळखला जातो.

पण याच पेशींना विरघळलेल्या प्रतिजनाऐवजी दुसऱ्या पेशीच्या पटलावर बसवलेला प्रतिजन दिला की त्या प्रतिसाद देतात. म्हणजे थकवा हा कधी कधी तुम्ही दिलेल्या उत्तेजकाचा दोष असतो. अहवालात ‘थकलेल्या’ लिहिण्यापेक्षा ‘सीडी२१ कमी, एफसीआरएल५ जास्त’ असे लिहा. ते मोजलेले असते.

९. प्लाझ्मा पेशींवर बीसीआरच नसेल तर चेकपॉइंट कशासाठी?

बहुतेक प्लाझ्मा पेशींवर बीसीआर फार थोडा असतो (आयजीए आणि आयजीएमच्या प्लाझ्मा पेशींवर तो काही प्रमाणात राहतो). त्यामुळे सीडी३२बीचे काम बदलते. बीसीआरला आवरण्याऐवजी तो पेशीचे आयुष्य ठरवतो. प्रतिपिंड-प्रतिजन संकुलांनी सीडी३२बी एकत्र ओढला गेला की प्लाझ्मा पेशी मरतात. अस्थिमज्जेतली जागा मर्यादित असते, आणि जुन्या पेशींनी नव्यांसाठी जागा सोडण्याचा हा एक मार्ग मानला जातो.

एफसीआरएल५ मायलोमाच्या (प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाच्या) पेशींवर भरपूर असतो आणि सेव्होस्टामॅब हे द्विलक्ष्यी प्रतिपिंड त्यालाच धरते.

१०. फ्लो सायटोमेट्रीसाठी पॅनल कसं लावावं? कमी दिसणारे रेणू नेहमी गोंधळ घालतात.

आधी पेशींचा हिशोब. १० मिलि रक्तातून साधारण १ कोटी एककेंद्रकी पेशी मिळतात. लिम्फोसाइटमध्ये बी पेशी ५ ते १५ टक्के, म्हणजे हाती काही लाख, फार तर १० लाख. प्लाझ्माब्लास्ट त्यांच्या १ टक्क्याच्या आसपास, म्हणजे काही हजार. त्यांतला आणखी एक उपगट मोजायचा असेल तर १० मिलि पुरणार नाही, हे रक्त घेण्याआधी ठरवा.

कणा असा ठेवा : मृत पेशींचा रंग, सीडी३ आणि सीडी१४ (नको असलेल्या पेशी बाहेर काढायला), सीडी१९, सीडी२७, आयजीडी, सीडी३८, सीडी२४, सीडी२१. त्यावर दोन-तीन चेकपॉइंट, जास्त नको. मंद दिसणाऱ्या रेणूला तेजस्वी रंग द्या : पीडी-१ला पीई, बीटीएलएला एपीसी किंवा बीव्ही४२१. सीडी१९ किंवा आयजीडी कमी तेजाच्या रंगातही भागते.

क्रम : मृत पेशींचा रंग प्रथिन नसलेल्या पीबीएसमध्ये, प्रतिपिंडांच्या आधी. बफरमध्ये सीरम असेल तर तो रंग त्यालाच चिकटून संपतो. मग एफसी ब्लॉक (प्रतिपिंडांची शेपटी पेशीला उगाच चिकटू नये म्हणून) १० मिनिटे. नंतर प्रतिपिंड ४ अंशांवर २० ते ३० मिनिटे, अंधारात. बीव्ही४२१सारखे दोन किंवा जास्त ब्रिलियंट रंग असतील तर त्यांचा खास बफर घाला, नाहीतर रंग एकमेकांना चिकटून खोटा तिरका पट्टा तयार होतो.

नेहमी बिघडते ते असे :

टी आणि बी पेशी चिकटून आलेली जोडगोळी सीडी१९ आणि पीडी-१ दोन्ही दाखवते. पीडी-१ असलेल्या तुमच्या बी पेशींतल्या निम्म्या अशा जोड्या निघू शकतात. एकेरी पेशींचे गेट क्षेत्रफळ-उंचीवर लावा आणि शिवाय सीडी३ असलेले सगळे बाहेर काढा.

एफएमओ नियंत्रण (एक रंग सोडून बाकी सगळे घातलेला नमुना) प्रत्येक उपगटासाठी वेगळे वाचा. प्लाझ्माब्लास्ट आकाराने मोठे, त्यांची पार्श्वभूमी जास्त. नाइव्ह पेशींवर आखलेली रेषा तिथे लावली की सगळेच ‘पॉझिटिव्ह’ होतात.

बीटीएलए आणि सीडी२२ सगळ्याच नाइव्ह पेशींवर असतात. तिथे टक्केवारी निरर्थक, मध्यक तीव्रता द्या. टिम-१ किंवा टिगिटसारख्या मोजक्या पेशींवरच्या रेणूंना टक्केवारी चालेल.

सीडी३२बी मोजायचा असेल तर एफसी ब्लॉकमध्ये सीडी३२विरोधी प्रतिपिंड नाही ना, हे पत्रकात पाहा. ‘ए’ आणि ‘बी’ प्रकार वेगळे ओळखणारी प्रतिपिंडे थोडीच आहेत, पण बी पेशींवर बी हाच प्रकार असल्याने सीडी१९च्या गेटमध्ये साधे सीडी३२ही चालते.

११. नमुना गोठवून ठेवला तर चालेल का?

नाइव्ह आणि मेमरी पेशींसाठी बहुतेक वेळा चालते. प्लाझ्माब्लास्ट गोठवल्यावर बरेच मरतात आणि सीडी१३८ ही प्लाझ्मा पेशींची खूण खाली येते, म्हणून त्यांच्यासाठी ताजे रक्त घ्या. संपूर्ण रक्त फ्रिजमध्ये ठेवू नका, खोलीच्या तापमानाला ठेवून २४ तासांत वेगळे करा. ऊती ट्रिप्सिनने फोडल्या तर सीडी१३८सारखे पृष्ठभागावरचे रेणू कापले जातात. ताजे आणि गोठवलेले नमुने एकाच तुलनेत मिसळले तर येणारा फरक बहुधा फ्रीजरचा असतो, आजाराचा नव्हे.

१२. उंदरातले निष्कर्ष माणसाला लावता येतात का?

काही लागतात, काही नाही. उंदरात सिग्लेक-जी बी-१ पेशींना आवरतो; तो काढला की बी-१ए पेशी प्रचंड वाढतात. माणसात त्याच्या जागी सिग्लेक-१० आहे, पण उंदरासारखा स्वच्छ बी-१ गट माणसात कोणता यावर अजून वाद आहे. मानवी पेशीवर नुसता सीडी५ पाहून तिला बी-१ म्हणू नका, ट्रान्झिशनल पेशींवरही तो असतो.

उंदरातल्या मेमरी बी पेशी पीडी-एल२ आणि सीडी८० यांवरून छान विभागता येतात : दोन्ही असलेल्या पेशी पुन्हा प्रतिजन भेटल्यावर पटकन प्रतिपिंड सोडतात, दोन्ही नसलेल्या परत जर्मिनल सेंटरमध्ये जातात. ही विभागणी मानवी रक्ताला तशीच लावलेली दिसली की सावध व्हा.

सीडी२२चा लिगँडही वेगळा : उंदराचा सीडी२२ ज्या प्रकारचे सायलिक आम्ल पसंत करतो ते मानवी शरीर बनवतच नाही, कारण माणसात ते बनवणारे जनुक निकामी आहे. लेअर, एलआयएलआरबी आणि एफसीआरएल या कुटुंबांतही दोन प्रजातींत एकास एक जोडी लागत नाही.

१३. आमच्या प्रयोगात अँटी-आयजीएम दिलं तर पेशी उठण्याऐवजी थंडच राहिल्या. काय चुकलं?

अँटी-आयजीएम बीसीआरला धरून पेशी उत्तेजित करायला देतात. पूर्ण आयजीजी प्रतिपिंड वापरले का ते बघा. त्याचा एक टोकाचा भाग बीसीआरला धरतो आणि एफसी भाग त्याच पेशीवरच्या सीडी३२बीला. दोघे जवळ आले की शिप-१ येतो आणि संकेत विझतो (प्र. २). म्हणजे तुम्ही नकळत चेकपॉइंटचाच प्रयोग केला. उत्तेजनासाठी एफसी भाग काढलेले एफ(एबी)-प्राइम-२ तुकडे वापरा, साधारण १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि. पीडी-१ वर आणायचा असेल तर सीपीजी २००६ (बी पेशींना चालना देणारा डीएनएचा तुकडा) जोडीला द्या आणि ४८ ते ७२ तासांनी मोजा. आयएल-४ एकत्र घातले तर पीडी-१ची वाढ दबते.

१४. रुग्ण निव्होलुमॅब घेतोय आणि बी पेशींवर पीडी-१ शून्य येतोय. औषधाने पीडी-१ घटवला का?

बहुधा नाही. निव्होलुमॅब हे पीडी-१ रोखणारे प्रतिपिंड. औषध पीडी-१वर बसलेले असते आणि तुमच्या प्रतिपिंडाला जागा मिळत नाही, ईएच१२.२एच७ हा नेहमीचा क्लोन असाच अडतो. डोस लहान असला तरी हे होते, कारण पीडी-१ थोड्या औषधातही व्यापला जातो आणि शेवटच्या डोसानंतर महिन्यांपर्यंत व्यापलेला राहतो. टाटा मेमोरियलच्या डोके-मानेच्या कर्करोगावरच्या अभ्यासातला २० मिलिग्रॅमचा डोस घेणाऱ्यांच्या नमुन्यांनाही हीच सावधगिरी लागू.

टी पेशींत यावर उपाय म्हणून आयजीजी-४विरोधी दुसरे प्रतिपिंड वापरतात, कारण निव्होलुमॅब आणि पीडी-१ रोखणारे दुसरे औषध पेम्ब्रोलिझुमॅब दोन्ही आयजीजी-४ आहेत. बी पेशींत तो उपाय फसतो : ज्या बी पेशींचा स्वतःचा बीसीआर आयजीजी-४ आहे त्याही उजळतात. उपचारापूर्वीचा नमुना हाती ठेवणे हाच खरा मार्ग. हाच न्याय रिटुक्सिमॅबनंतर सीडी२०ला आणि डाराटुमुमॅबनंतर सीडी३८ला लागतो.

१५. सिंगल-सेल आरएनएमध्ये सीटीएलए-४ दिसतो, फ्लोमध्ये नाही. कोणाचं खरं?

दोन्ही खरे असू शकतात. सीटीएलए-४ बहुतांश पेशीच्या आत फिरत असतो, पृष्ठभागावर क्षणभर येतो. पेशी सच्छिद्र करून रंग द्या. उलट बाजूही तपासा : एका थेंबात टी आणि बी पेशी एकत्र अडकल्या तर आरएनएतही तीच जोडगोळी बसते. त्या ‘बी पेशींत’ सीडी३चे जनुक दिसते का ते आधी पाहा.

१६. हॉजकिन्समध्ये पीडी-१ रोखणारी औषधं इतकी चालतात, मग डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमात का नाही?

हॉजकिन्स लिम्फोमातली कर्कपेशी, म्हणजे रीड-स्टर्नबर्ग पेशी, मुळात बी पेशी, पण बी पेशीच्या बहुतेक खुणा गमावलेली. तिच्या ९पी२४.१ या गुणसूत्रखंडात जवळजवळ नेहमी बदल असतो : १०८ रुग्णांच्या एका मालिकेत ९७ टक्के. त्या खंडावर पीडी-एल१ आणि पीडी-एल२ची जनुके आहेत, सोबत जॅक२ही. पेशी स्वतःच लिगँडने भरलेली आणि भोवती टी पेशींचा गराडा. निव्होलुमॅबच्या २०१५च्या पहिल्या अभ्यासात आजार उलटलेल्या २३ पैकी २० रुग्णांनी प्रतिसाद दिला. मेडियास्टायनममधल्या प्राथमिक मोठ्या बी पेशींच्या लिम्फोमातही हाच खंड वाढतो. तिथे पेम्ब्रोलिझुमॅबला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली.

नेहमीच्या डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमात ९पी२४.१चा बदल क्वचित. निव्होलुमॅबच्या अभ्यासात प्रतिसाद एका गटात १० टक्के आणि दुसऱ्या गटात ३ टक्के एवढाच होता. पेशींचे नाव सारखे असले तरी टिकण्याचा मार्ग वेगळा.

१७. मायलोमाच्या पेशींवरही पीडी-एल१ असतो. तिथे?

तिथे तर्क बरोबर वाटला तरी निकाल उलटा आला. पेम्ब्रोलिझुमॅब हे पोमॅलिडोमाइड किंवा लेनॅलिडोमाइडसोबत देणाऱ्या अभ्यासांत पेम्ब्रोलिझुमॅबच्या गटात जास्त मृत्यू दिसले आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ते थांबवले.

१८. सीडी२००चा रोजच्या निदानात उपयोग आहे का?

आहे, आणि स्वस्तात. सीडी५ असलेला बी पेशींचा आजार समोर असेल तर सीडी२०० ठळक दिसणे सीएलएलच्या (दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या) बाजूने जाते. मँटल सेल लिम्फोमात तो बहुधा नसतो किंवा मंद असतो. हेअरी सेल ल्युकेमियातही ठळक दिसतो. अपवाद असतात, म्हणून मँटल सेलची शंका असेल तर सायक्लिन डी१ किंवा ११;१४ स्थानांतर तपासल्याशिवाय अहवाल पक्का करू नका.

१९. चेकपॉइंट काढला की बी पेशी मोकाट सुटायला हव्यात. मग सीटीएलए-४ची कमतरता असलेल्यांत प्रतिपिंडं कमी का?

२०१४ मध्ये वर्णिलेल्या या जनुकीय आजारात सीटीएलए-४ची एकच चांगली प्रत असते. स्वप्रतिकार दिसतो, पण रक्तातल्या बी पेशी घटतात, सीडी२१ कमी असलेल्या पेशींचा वाटा वाढतो आणि प्रतिपिंडे कमी होतात. कारण बहुतांश टी पेशींच्या बाजूचे आहे : नियामक टी पेशी नीट काम करत नाहीत, सततच्या उत्तेजनात बी पेशी परिपक्व होण्याआधीच संपतात. अबाटासेप्ट या औषधाने काहींना फायदा होतो कारण ते सीटीएलए-४चेच बाहेरचे काम करते. उंदरांत मात्र बी-१ए पेशींवरचा सीटीएलए-४ स्वतंत्रपणे सहनशीलता राखतो, त्यामुळे बी पेशींचा वाटा शून्य असेही नाही.

पीडी-१चेही तसेच. उंदरातून तो काढला की एका जातीत ल्युपससारखा आजार होतो, दुसऱ्या जातीत ट्रोपोनिन-आयविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन हृदय फुगते. पण पीडी-१ जन्मजात नसलेल्या माणसांत मेमरी बी पेशी आणि प्रतिपिंडांचा प्रतिसाद कमी आढळला. जर्मिनल सेंटरमध्ये मोजका दाब नसेल तर चांगली निवड होत नाही (प्र. ६).

२०. इपिलिमुमॅब-निव्होलुमॅब सुरू केल्यावर बी पेशी तपासून दुष्परिणाम आधी कळतात का?

इपिलिमुमॅब सीटीएलए-४ रोखते. मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) रुग्णांत २०१८ मध्ये असे दिसले : दोन्ही औषधांच्या पहिल्या फेरीनंतर ज्यांच्या रक्तातल्या बी पेशी घटल्या आणि सीडी२१ कमी असलेल्या पेशी व प्लाझ्माब्लास्ट वाढले, त्यांना पुढे गंभीर दुष्परिणाम जास्त झाले. ही नेहमीची तपासणी मात्र नाही. प्रत्येक प्रयोगशाळेची सीडी२१ची रेषा वेगळी असते. मोजायचेच असेल तर त्याच रुग्णाचा उपचारापूर्वीचा आणि पहिल्या फेरीनंतरचा नमुना, त्याच यंत्रावर, त्याच लॉटच्या प्रतिपिंडांनी.

ट्यूमरमधल्या बी पेशी याहून वेगळी गोष्ट सांगतात. जानेवारी २०२० मध्ये एकाच वेळी आलेल्या तीन शोधनिबंधांत मेलानोमा, मूत्रपिंडाचा कर्करोग आणि सार्कोमा यांत बी पेशींनी भरलेल्या लसीकासदृश रचना चांगल्या प्रतिसादाशी जोडलेल्या दिसल्या. रक्तात घट आणि ट्यूमरमध्ये गर्दी यांत विरोध नाही. रक्ताच्या नमुन्यावरून ट्यूमरमधले अनुमान काढायला जाल तरच तो दिसू लागतो.

२१. मग ल्युपस किंवा संधिवातात उलट, चेकपॉइंट चालू करणारं औषध देता येईल का?

तो प्रयत्न चालू आहे. पीडी-१ला चालना देणाऱ्या पेरेसोलिमॅबचे संधिवातातले दुसऱ्या टप्प्याचे निकाल २०२३ मध्ये आले आणि काही फायदा दिसला. सीडी१९ आणि सीडी३२बी एकत्र ओढणारे ओबेक्सेलिमॅब प्र. १३ मधला ‘चुकलेला’ प्रयोग मुद्दाम घडवून आणते. सीडी२२ला धरणारे एप्राट्युझुमॅब ल्युपसच्या तिसऱ्या टप्प्यात अपयशी ठरले. नुसते चिकटणे म्हणजे लगाम खेचणे नव्हे. बीसीआरपाशी रेणू आणून बसवावा लागतो, आणि ते औषधाच्या रचनेत आधीच ठरलेले असावे लागते.